तोंडलीच्या पाल्याचं थाई सूप

थाई जेवण म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक ते आंबट-तिखट टॉम यम आणि दुसरी नारळाच्या दुधातली हिरवी करी. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण मी नोकरीनिमित्त बँकॉकला राहत होते तेव्हा आजूबाजूच्या घरांत रोज संध्याकाळी जे शिजायचं ते वेगळंच होतं. पाण्यासारखं नितळ, मिरचीचा मागमूसही नसलेलं सूप. त्याला केंग ज्यूद म्हणतात, कुणी तोम ज्यूदही म्हणतं. आपल्याकडच्या थाई हॉटेलांत ते सहसा दिसत नाही आणि दिसलं तरी कुणी मागवत नाही, कारण तिखट खायला आलेल्या माणसाला नितळ पाणी कशाला हवं? मला मात्र ठामपणे वाटतं की थाई घर कसं जेवतं हे कळायचं असेल तर सुरुवात या सुपापासून करावी. आणि आज हे लिहायला बसण्याचं कारण असं की त्याला लागणाऱ्या दोन मुख्य गोष्टी आपल्याकडे मुबलक आहेत आणि आपण त्या फेकून देतो. कोथिंबिरीची मुळं आणि तोंडलीचा कोवळा पाला.

आधी ते खातात कसं ते सांगते. हॉटेलांनी सूप म्हणजे जेवणाआधी प्यायची गोष्ट असं आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. थाई घरात तसं नसतं. भात ज्याच्या त्याच्या ताटलीत आणि बाकी सगळं मध्ये, सगळ्यांचं मिळून. एखादी झणझणीत करी, नाम प्रिक नावाची कुटलेल्या मिरच्यांची चटणी आणि तिच्याबरोबर कच्च्या-उकडलेल्या भाज्या, भरपूर तेलात फुलवलेलं अंड्याचं ऑम्लेट आणि त्या सगळ्यांच्या मधोमध हे वाफाळतं सूप. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काटा तोंडात घालायचा नाही, त्याने घास फक्त चमच्यावर ढकलायचा. करीचे दोन घास झाले, जीभ पोळली, की सुपाचा एक चमचा. परत भात. तिखटाला तोलून धरणारं असं काहीतरी पानात असतं म्हणूनच तिथली माणसं इतकं तिखट पचवू शकतात. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना तर नुसता भात आणि हे सूपच देतात.

या सुपाचे प्रकार विचाराल तर भाजी बदलेल तसं सूप बदलतं. मुळ्याचं करतात, कोबीचं करतात, समुद्री शेवाळाचं करतात. कारल्याच्या नळ्या कापून त्यांत खिमा भरूनही करतात, आणि ते कारलं तासभर मंद शिजलं की असं काही मऊ होतं की कारलं न खाणारी माणसंही खातात. कोहळ्याचंही करतात. आपण कोहळा दारावर बांधतो, सांडग्यात घालतो. तिथे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला कोहळा ही आवडीने खायची गोष्ट आहे. खाव मन गाय, म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात, घेतला की सोबत वाटीभर नितळ रस्सा येतो, त्यातही बऱ्याचदा कोहळ्याच्या फोडी असतात. टोफू आणि मुगाच्या पिठाच्या पारदर्शक शेवया हा यातला चिनी वारसा. दक्षिण चीनमधल्या तेओच्यू भागातून आलेले लोक पिढ्यान् पिढ्या थायलंडमध्ये स्थायिक झाले, त्यांच्याबरोबर हे पदार्थ आले आणि तिथल्या घराघरांतले होऊन गेले.

माझी या सुपाशी ओळख झाली ती पांमुळे. बँकॉकच्या ऑन नुट भागातल्या एका गल्लीत मी भाड्याने राहत होते, तळमजल्यावर एक बाई राहायच्या. वयाने मोठ्या, म्हणून सगळी इमारत त्यांना ‘पा’ म्हणायची. पा म्हणजे मावशी किंवा आत्या. एका पावसाळ्यात मला सडकून ताप आला. तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा कडू लागत होतं. पा पिंतो घेऊन वर आल्या. पिंतो म्हणजे कप्प्यांचा डबा, हुबेहूब आपला. खालच्या कप्प्यात मऊ भात, वरच्यात हे सूप. आपल्याकडे आजाऱ्याला मुगाच्या वरणाचं पाणी देतात, त्या जागी तिथे हे. आधी लसणाचा आणि पांढऱ्या मिरीचा वास आला, मग कोंबडीच्या खिम्याचे छोटे गोळे दिसले आणि त्यांच्या मध्ये हिरवीगार पानं. मी वाटीभर भातावर ते ओतून सगळं संपवलं. त्या दिवसांत पोटात टिकलेलं पहिलं अन्न ते.

पानं कसली, हे मात्र मला बरी झाल्यावर कळलं. पांनी गल्लीच्या टोकाच्या एका कुंपणाशी नेलं आणि तारेवर चढलेला वेल दाखवला. पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, पाच कोनांची पानं, आणि पानांआड एक लालबुंद पिकलेलं फळ. मी ओरडलेच. तोंडली! वसईच्या आमच्या वाडीत मांडवावर वाढते तीच. थाईत तिला तमलुंग म्हणतात. संस्कृत कवी ज्याची उपमा ओठांना देत आले ते बिंबफळ हेच, पिकल्यावरचं. पांना मी हातवारे करून सांगितलं की आम्ही हे फळ हिरवं असताना चिरून भाजी करतो. त्यांना ते पटेचना. त्यांच्या लेखी या वेलाचं खायचं काय, तर पाला. फळं पक्ष्यांची.

बाजारात तमलुंगच्या जुड्या विकायला असतात, पण बऱ्याच जणी कुंपणावरूनच खुडून आणतात. खुडायचं कसं हे पांनी मला उभं राहून शिकवलं. शेंड्याकडचा वीतभर भागच घ्यायचा. देठ नखाने कट्‌कन तुटला पाहिजे, वाकला तर जून आहे. स्प्रिंगसारखे ताणे असतात ते काढून टाकायचे, ते शिजत नाहीत आणि घशात अडकतात. मोठी पानं देठासकट टाकून द्यायची. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. या वेलात नर आणि मादी वेगवेगळे असतात. नर वेलाची पानं खोल कातरलेली असतात, ती खाल्ली तर पोट बिघडतं असं थाई बायका मानतात, म्हणून कमी कातरलेली पानं बघून घ्यायची. नर-मादी वेल वेगळे असतात हे वनस्पतिशास्त्रही सांगतं. पोट बिघडण्याबद्दल मी पांचा शब्द मानते. आपल्या वाडीतल्या तोंडलीला फळं धरतात म्हणजे वेल मादीच असतो, कारण लागवड फळणाऱ्या वेलाच्या कांड्यांपासूनच करतात, तेव्हा ती काळजी आपल्याला फारशी नाही. आपल्याला काळजी औषधफवारणीची. बाजारासाठी लावलेल्या मांडवाचा पाला खाऊ नका. परसातला, गच्चीतल्या कुंडीतला, न फवारलेला असेल तोच घ्या.

आता दुसरी फेकून द्यायची गोष्ट, कोथिंबिरीची मुळं. थाई बाजारात कोथिंबीर मुळांसकटच मिळते, आणि मूळ तुटलेली जुडी तिथली गृहिणी हातातही घेत नाही. पानं वरून भुरभुरायला, मुळं कुटायला. कोथिंबिरीचं मूळ, लसूण आणि मिरी हे त्रिकूट एकत्र कुटायचं आणि खिम्यात मिसळायचं, मासळीला चोळायचं, कोंबडी भाजायच्या आधी लावायचं. थाई स्वयंपाकातला जो वास आपल्याला ओळखता येतो पण त्याचं नाव सांगता येत नाही, तो बऱ्याचदा या मुळांचा असतो. पानांपेक्षा खोल, थोडा मातकट, थोडा लिंबासारखा. आपल्या मंडईत गावठी कोथिंबीर अजून मुळांसकट मिळते, पण घरी आल्या आल्या पहिली सुरी मुळांवर चालते. वसईच्या बाजारात माझी नेहमीची भाजीवाली आता माझ्यासाठी दुसऱ्यांनी टाकलेली मुळंही बाजूला ठेवते. मी ती पाण्यात भिजत घालते, जुन्या दातांच्या ब्रशने माती काढते, पुसून कोरडी करते आणि फ्रीझरमध्ये डब्यात टाकते. महिनोन्‌महिने टिकतात आणि वास जराही कमी होत नाही.

कुटायला दगडी खलबत्ता हवा. थायलंडमध्ये चोनबुरी प्रांतातलं आंग सिला हे समुद्रकाठचं गाव ग्रॅनाइटच्या खलबत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. मी येताना तिथला एक सामानात घालून आणला आणि त्याच्या वजनापायी बाकीचं बरंच काही मागे ठेवून आले. मिक्सरमध्ये हे वाटण होतं, पण मुळाचे धागे कापले जातात, चेचले जात नाहीत, आणि रस बाहेर येत नाही. त्यामुळे घरात आहे तो खलबत्ता काढा.

मिरी पांढरी हवी. काळी मिरी ज्या वेलाची, त्याच वेलाचं पिकलेलं फळ पाण्यात कुजवून साल काढली की ती पांढरी मिरी. थायलंडमध्ये चांथाबुरीची मिरी नावाजलेली आहे. काळी मिरी घातली तरी सूप वाईट होत नाही, पण वास वेगळा येतो आणि नितळ रश्शात काळे कण तरंगतात. हे मिरीचं तिखट मला फार आवडतं. ते जिभेला चावत नाही, घशाला ऊब देतं. मिरची तर आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही पोर्तुगिजांबरोबर आली असं मानतात. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि १५११ मध्ये त्यांचा दूत अयुथयाच्या दरबारात पोचला. त्याआधी दोन्हीकडच्या चुलींवर तिखटपणा आणायचं काम मिरीच करत होती. त्या जुन्या तिखटाची चव या सुपात अजून टिकून आहे असं मला ते करताना नेहमी वाटतं.

चला, करायला घेऊ. चार माणसांसाठी पाव किलो कोंबडीचा खिमा. थायलंडमध्ये बहुतेक वेळा डुकराचा घालतात, तुमच्या घरी चालत असेल तर तोच घ्या, थोडी चरबी असलेला. कोथिंबिरीची चार-पाच मुळं, गावठी लसणाच्या आठ-दहा छोट्या पाकळ्या, पांढऱ्या मिरीचे दहा-बारा दाणे. मुगाच्या शेवयांची एक लहान गड्डी, पन्नास ग्रॅमच्या आसपास. मऊ टोफूचा एक डबा. तोंडलीचे शेंडे दोन मोठ्या मुठी भरून, शिजल्यावर ते अगदी एवढेसे होतात. फिश सॉस, हलका सोया सॉस, तेल.

आधी मिरी कुटा, मग मुळं चिरून घाला, शेवटी लसूण. लसूण आधी घातला तर मिरी उसळून बाहेर पडते. या वाटणातलं अर्धं खिम्यात घालायचं, त्यात चमचाभर सोया सॉस आणि हाताने एकाच दिशेने मळत राहायचं. दोनेक मिनिटांनी खिमा हाताला चिकटायला लागतो, त्याचं टेक्स्चर बदललेलं बोटांना कळतं. तिथेच थांबायचं. या मळण्यामुळेच गोळे रश्शात फुटत नाहीत, आणि फुटले नाहीत तरच रस्सा नितळ राहतो. शेवया थंड पाण्यात दहा मिनिटं भिजवून कात्रीने कापून घ्या, नाहीतर चमच्यात येत नाहीत.

पातेल्यात सव्वा लिटर पाणी किंवा कोंबडीच्या हाडांचा रस्सा. मी त्यात मूठभर सोडे धुऊन घालते. थाई घरांतही सुकवलेली कोळंबी अशा सुपात घालतात, त्याने रश्शाला गोडी येते, आणि वसईत सोड्यांना तोटा नाही. उरलेलं अर्धं वाटण पाण्यात सोडून उकळी आणायची, मग गॅस कमी करायचा. रस्सा नुसता हलत राहिला पाहिजे, खदखदायला नको. खिम्याचे सुपारीएवढे ओबडधोबड गोळे चमच्याने सोडायचे. गोल गरगरीत करायची काही गरज नाही. वर राखाडी फेस येईल, तो पळीने काढत राहायचा. यात आळस केला तर सूप गढूळ होतं, म्हणून तिथे उभंच राहायचं. गोळे तरंगले की अजून तीन-चार मिनिटं. मग टोफूचे जाड काप अलगद सोडायचे, शेवया घालायच्या, दीड-दोन चमचे फिश सॉस घालायचा आणि चव बघायची. मीठ थोडं कमीच वाटलं पाहिजे, कारण ते भाताबरोबर आणि तिखट करीच्या जोडीने खायचं आहे. फिश सॉसच्या वासाला कुणी दचकत असेल तर सांगते, तो मीठ आणि छोट्या मासळीचा, वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवलेला अर्क आहे. ज्या घरात जवळा भाजला जातो त्या घराला त्याचं काही विशेष वाटू नये.

पाला अगदी शेवटी. गॅस मोठा करायचा, शेंडे एकदम टाकायचे, पळीने रश्शाखाली दाबायचे आणि रंग गडद हिरवा झाला की लगेच गॅस बंद. अर्धं मिनिट पुरतं. झाकण ठेवू नका, पानं पिवळट पडतात. तोंडलीचा पाला चवीला सौम्य असतो, किंचित गोडसर, थोडा बुळबुळीत, कडूपणा नाही. कडू तोंडली म्हणून रानात जी येते तिचा पाला मी कधी वापरत नाही. बांगलादेशात आणि बंगालमध्येही तेलाकुचा म्हणून हा पाला खातात, म्हणजे आपल्या मातीला तो परका आहे असं मुळीच नाही. पाला मिळालाच नाही तर दुधी किंवा मुळा घाला, फक्त तो आधी शिजवून घ्या. पालक घालू नका, रस्सा हिरवा होतो.

आणि वरून तळलेला लसूण. हा राहिला तर सूप अर्धवट. गावठी लसणाच्या पाकळ्या सालीसकट ठेचायच्या, वरची जाड सालं उडवून द्यायची, पातळ सालं तशीच राहू द्यायची. भरपूर थंड तेलात लसूण घालून मंद आचेवर ठेवायचा. फिकट सोनेरी झाला की उतरवायचा, तो गरम तेलात आणखी दोन छटा गडद होतोच. तेलासकट बाटलीत भरून ठेवला की आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवता येतो. सूप वाढताना प्रत्येक वाटीवर चमचाभर लसूण-तेल, कोथिंबिरीची पानं आणि चिमूटभर मिरपूड.

आमच्या सासूबाई नवरात्रात कांदा-लसूण खात नाहीत. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, “अगं, तुझं ते सूप आम्हाला नाही का गं जमणार?” त्यावर मला थायलंडमधला किन चे आठवला. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे हजारो माणसं मांसाहार सोडतात, कांदा-लसूणही सोडतात. फुकेतला तर त्याचा मोठा उत्सव असतो. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो. रस्त्यावर पिवळ्या पताका लागतात, त्यांवर लाल अक्षरं, आणि त्या पताकांखालच्या गाड्यांवर हेच सूप मिळतं, शाकाहारी. मी आईंना तेच करून देते. सुकवलेले मश्रूम, मुळ्याचे तुकडे आणि कोबीची देठं अर्धा-पाऊण तास उकळून गाळून घ्यायची, त्या पाण्यात टोफू, ताजे मश्रूम, शेवया, मिरपूड, सोया सॉस आणि पाला. पनीर घालू नका असं आग्रहाने सांगेन. पनीरचा दुधाळपणा या रश्शात बसत नाही. आई आता नवरात्राच्या आधीच मांडवावर नजर ठेवून असतात, कुठला शेंडा कोवळा आहे म्हणून.

सूप उरलं तर शेवया रात्रभरात रस्सा पिऊन टाकतात आणि सकाळी पातेल्यात घट्ट लगदा दिसतो. टाकू नका. त्यात पेलाभर गरम पाणी आणि आदल्या दिवशीचा भात घालून एक उकळी काढा, फिश सॉसचे चार थेंब, वरून तळलेला लसूण. तिथे लोक सकाळी खाव तोम खातात, भाताचं सूप, हा त्याचाच घरगुती प्रकार. मुलं शाळेत जायच्या आधी पोटभर खातात.

तोंडलीचा वेल असेल तर शेंडे खुडायला घाबरू नका. शेंडा खुडला की वेलाला बाजूने नवे फुटवे येतात. पावसाळ्यात तर आठवड्याला दोन मुठी पाला सहज निघतो. ज्यांच्याकडे वेल नाही त्यांनी ओळखीच्या कुणाकडून हातभर लांबीची जून कांडी आणून पावसाच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत खोचावी. वसई-विरारमधलं कुणी असेल तर कमेंटमध्ये सांगा, छाटणीच्या वेळी कांड्या मी देईन.